कासवांच्या संशोधनाचा वार्षिक अहवाल: काय लिहायचं, कुणाला कळवायचं, काय जाहीर करायचं नाही

लातूरच्या एका महाविद्यालयातून पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांमधलं तापमान मोजायची परवानगी तिला मिळाली. पहिला हंगाम संपला, आता वार्षिक अहवाल द्यायचाय. परवानगी १२ घरट्यांची होती, काम ९ घरट्यांवर झालं. तापमान नोंदणाऱ्या लॉगरची वायर बाहेर काढता यावी म्हणून एका घरट्यावर नेहमीच्या टोपलीऐवजी लोखंडी जाळी ठेवली होती. पिल्लं भर दुपारी वर आली आणि त्यातली ११ जाळीखाली उन्हाने मेली. मार्गदर्शक म्हणतात, नैसर्गिक मृत्यूत धरा, नाहीतर पुढच्या वर्षीची परवानगी अडकेल. त्यात गावाकडच्या एका वार्ताहराला ‘लातूरची लेक कासवांच्या मदतीला’ अशी बातमी करायची आहे. अहवालात काय लिहू आणि बातमीत काय सांगू, असं तिने विचारलंय.

अवघड भाग आधी घेतो. ती ११ पिल्लं नैसर्गिक मृत्यूत जात नाहीत. जाळी तुम्ही ठेवली, संशोधनासाठी ठेवली. तुमचं काम नसतं तर तिथे टोपली असती आणि टोपलीची सावली असती. त्यामुळे ते मृत्यू संशोधनामुळे झालेले आहेत आणि तसेच लिहायचे. दुसरं म्हणजे, अशा गोष्टीसाठी वार्षिक अहवालाची वाट पाहायची नसते. लेखी कळवलं नसेल तर अहवाल बाजूला ठेवा आणि आधी एक पानाचं पत्र लिहा. तारीख, वेळ, घरट्याचा क्रमांक, किती पिल्लं मेली, किती वाचली, कुणाच्या लक्षात आलं, त्या वेळी तुमच्या लॉगरवर वाळूचं तापमान किती होतं, मेलेल्या पिल्लांचं काय केलं, बाकीच्या घरट्यांवर त्याच दिवशी काय बदललं. कळवायला उशीर झाला असेल तर उशीर झाला, हेही त्यातच येऊ द्या. उशिराचं कारण एका वाक्यात. दोन वाक्यं झाली की ती सबब वाटते.

तुमच्या मार्गदर्शकांची भीती मला कळते. परवानगीची फाइल किती टेबलं फिरून येते हे पाहिलेला माणूस तसंच बोलणार. पण व्यवहाराच्या बाजूने पाहिलं तरी त्यांचा सल्ला चुकीचा आहे. किनाऱ्यावर तुम्ही एकट्या नव्हता. कोकणात घरटी राखणारा कासवमित्र रोज वही लिहितो: कुठल्या घरट्यातून किती पिल्लं आली, किती समुद्रात सोडली, किती मेली. वनरक्षक ती वही पाहतो. त्या वहीत ‘जाळीखाली ११’ असेल आणि तुमच्या अहवालात ‘नैसर्गिक’ असेल, तर दोन्ही कागद कधी ना कधी एकाच टेबलावर येतात. मग प्रश्न ११ पिल्लांचा राहत नाही, तुमच्या उरलेल्या सगळ्या आकड्यांचा होतो. परवानगी अडकते ती बहुतेक वेळा इथे.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, ते कायद्यात एकदा पाहून घ्या. हा कायदा म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चा. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सहा अनुसूचींच्या जागी चार आल्या. आपल्या समुद्रात दिसणारी पाचही कासवं, म्हणजे ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल, लेदरबॅक आणि लॉगरहेड, पहिल्या अनुसूचीत आहेत. कलम ९ शिकारीला बंदी घालतं, आणि शिकारीची कायद्यातली व्याख्या बंदूक-जाळ्यापुरती नाही. प्राणी पकडणं, जखमी करणं, शरीराचा भाग घेणं हे तर त्यात आहेच. पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अंड्यांना इजा करणं, अंडी किंवा घरटं विचलित करणं हेही आहे. तुम्ही वाळू उकरून अंड्यांच्या मधोमध लॉगर ठेवलात, ते परवान्याशिवाय केलं असतं तर कायद्याने ती शिकार होती आणि पहिल्या अनुसूचीसाठी शिक्षा ३ ते ७ वर्षं तुरुंगवासाची आहे. कलम १२ मुळे मुख्य वन्यजीव रक्षक शिक्षण आणि शास्त्रीय संशोधनासाठी लेखी परवाना देऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी त्याआधी केंद्र सरकारची संमती लागते. अभयारण्यात काम असेल तर आत जाण्याची कलम २८ ची परवानगी वेगळी. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. पुढे कधी तिकडे काम नेलंत तर दोन परवानग्यांचे दोन हिशेब ठेवावे लागतील.

म्हणजे सरकारने तुम्हाला एका गंभीर गुन्ह्यातून ठरावीक मापाची सूट दिली आहे. त्यातली किती वापरली, कशी वापरली आणि त्यात जनावराच्या वाट्याला काय आलं, एवढाच या अहवालाचा मुख्य विषय. संशोधनाचे निष्कर्ष त्याच्या मागून येतात. माझ्याकडे तपासायला आलेले बरेच अहवाल याच्या नेमके उलटे असतात. चाळीस पानं, त्यात जगातल्या कासवांचा इतिहास, ओडिशातल्या गहिरमाथा किनाऱ्याचा फोटो, रंगीत आलेख, आणि शेवटच्या पानावर एक ओळ: ‘अभ्यासादरम्यान प्राण्यांना कोणतीही इजा झाली नाही.’ अधिकारी शोधत असतो ती अर्ध्या पानाची माहिती त्या चाळिसात कुठेच नसते. असे अहवाल मी परत पाठवतो, आणि विद्यार्थ्यांना वाटतं सरांना इंग्रजी आवडलं नाही.

तर पहिल्या पानावर तक्ता घ्या. परवाना शेजारी उघडा ठेवा आणि त्यातली एकेक अट उतरवत जा. रकाने फार नकोत: प्रजाती, अवस्था (अंडी, पिल्लू की प्रौढ मादी), केलेली कृती, परवानगी किती, प्रत्यक्षात किती, इजा किंवा मृत्यू, शेरा. यात खरी अडचण येते ती मोजायचं काय याची. ‘९ घरटी’ हा आकडा बरोबर आहे, पण अपुरा आहे. एक घरटं किती वेळा उघडलं? लॉगर ठेवताना एकदा, उबवणी संपल्यावर कवचं मोजताना एकदा, आणि मध्ये लॉगर बंद पडला म्हणून बदलला असेल तर आणखी एकदा. घरटी ९ आणि उघडण्याच्या खेपा २०, असंही असू शकतं. परवान्यात ‘प्रत्येक घरटं दोनदा’ असं असेल तर तिसरी खेप ही मर्यादेबाहेरची गोष्ट झाली आणि ती शेऱ्यात यायलाच हवी. ऑलिव्ह रिडले मादी एका खेपेला साधारण शंभर ते सव्वाशे अंडी घालते, त्यामुळे नऊ घरट्यांत तुमच्या हाताखालून गेलेली अंडी हजाराच्या घरात आहेत. तो आकडाही द्या. पिल्लांची लांबी किंवा वजन घेतलं असेल तर किती पिल्लं हातात घेतली, प्रत्येकाला साधारण किती वेळ धरून ठेवलं, हे वेगळं.

प्रौढ मादीची ओळ मुली नेहमी विसरतात, मुलंही. ‘सर, आम्ही मादीला हातच लावला नाही.’ बरं. रात्री गस्तीला गेला होतात, वाळूवर चढत असलेली मादी तुमचा उजेड पाहून अंडी न घालता परत फिरली असेल, तर? ती नोंद कुठल्या सरकारी नमुन्यात मागितलेली नसली तरी ठेवा. अमेरिकेचा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदाही योगायोगाने १९७२ चाच आहे. तिथे इजा होऊ शकेल असा त्रास आणि फक्त वागणूक बिघडवू शकेल असा त्रास, अशा दोन पायऱ्या केल्या आहेत, आणि संशोधकाला दुसऱ्या पायरीचीही मोजदाद द्यावी लागते. फोटो काढायला बोट जवळ नेली आणि डॉल्फिनचा कळप दबकला, तर तेही मोजण्यात येतं. आपल्याकडे इतकं बारकाईने कुणी विचारत नाही. तरी तुमच्या वहीत ते असलं तर पुढच्या वर्षीच्या अर्जात ‘गस्तीत लाल दिवा वापरणार’ असं लिहिताना कारणही दाखवता येतं.

१२ ची परवानगी आणि ९ वर काम, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. का कमी झाली ते सांगा: घरटी उशिरा मिळाली, दोन लॉगर बिघडले, काय असेल ते. उरलेली ३ आपोआप पुढच्या वर्षात जातात असं मात्र गृहीत धरू नका. परवान्यात तसं स्पष्ट नसेल तर लेखी विचारा. आणि जे केलंच नाही त्याची ओळ गाळू नका. मादीच्या परातून, म्हणजे वल्ह्यासारख्या पायातून, ऊतीचा नमुना घ्यायची परवानगी होती आणि एकही घेतला नाही, तर त्या रकान्यात शून्य लिहा. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ई-पीक पाहणीत पेरलेल्या गटाची नोंद करावी लागते तशी न पेरलेल्या तुकड्याचीही ‘चालू पड’ म्हणून करावी लागते. नोंदच नसली तर तिथे काय होतं यावर पुढे कुणीही काहीही म्हणू शकतं. कोरा रकाना वाचणाऱ्याला ‘शून्य’ वाटत नाही, ‘लपवलं’ वाटतं.

आता उबवणीचे आकडे. इथे चुका अज्ञानाने होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. घरट्यातून पिल्लं बाहेर पडून गेल्यावर ते उकरून जे सापडतं ते गटांत लावायचं: रिकामी कवचं, घरट्यात अडकलेली जिवंत पिल्लं, घरट्यातच मेलेली पिल्लं, आणि न फुटलेली अंडी. समजा ११० अंडी होती. ८६ रिकामी कवचं मिळाली, २४ अंडी फुटली नाहीत. आतच ३ पिल्लं जिवंत आणि २ मेलेली सापडली. अंडी फुटण्याचं प्रमाण ८६ भागिले ११०, म्हणजे ७८.२ टक्के. स्वतःच्या बळावर वाळूबाहेर आलेली पिल्लं ८६ वजा ५, म्हणजे ८१. ते प्रमाण ७३.६ टक्के. दोन्ही आकडे वेगळे आहेत आणि दोन्ही द्यायचे. पुष्कळ जण पहिला काढतात आणि त्यालाच ‘यशाचं प्रमाण’ म्हणतात, कारण तो दिसायला मोठा असतो. तुमची जाळीखाली मेलेली ११ पिल्लं या दोन्ही हिशेबांत ‘फुटली’ आणि ‘बाहेर आली’ म्हणूनच धरली जातील. ती वाळूच्या वर येऊन मेली. म्हणजे नुसती टक्केवारी दिली तर ते मृत्यू आकड्यांत कुठेच दिसणार नाहीत. तुमच्या मार्गदर्शकांच्या सल्ल्याशिवायही ते आपोआप लपतात! म्हणून समुद्रापर्यंत जिवंत पोचलेली पिल्लं हा तिसरा आकडा त्या घरट्यापुढे लिहा.

अंडी हलवून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या कुंपणात, पुरली असतील तर घालण्याची वेळ आणि पुन्हा पुरण्याची वेळ, दोन्ही द्या. अंडं घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या आतल्या वरच्या बाजूला चिकटू लागतो. त्यानंतर अंडं फिरलं, उलटं झालं तर तो मरतो. न फुटलेल्या २४ अंड्यांत लॉगरचा दोष किती, उशिरा हलवल्याचा किती आणि मुळातच न फळलेली किती, याचा अंदाज बांधायला हीच वेळ उपयोगी पडते. त्याहून महत्त्वाचं: त्याच हॅचरीतल्या लॉगर नसलेल्या घरट्यांचे आकडे वन विभागाकडून किंवा कासवमित्राच्या वहीतून घ्या आणि शेजारी ठेवा. लॉगरवाली घरटी मागे पडलेली दिसली तर दिसू द्या. ९ घरट्यांवरून ठाम निष्कर्ष निघत नाही, हे खाली एका ओळीत सांगा आणि पुढे चला.

आणि हो, नर-मादीचं प्रमाण. समुद्री कासवांत पिल्लू नर की मादी हे उबवणीच्या मधल्या काळातलं तापमान ठरवतं. उष्ण वाळूत माद्या, थंड वाळूत नर, आणि निम्मे-निम्मे होण्याचा बिंदू साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास, प्रजाती आणि जागेप्रमाणे थोडा इकडेतिकडे. पण पिल्लाकडे बाहेरून पाहून लिंग कळत नाही. तुम्ही तापमान मोजलंय, लिंग पाहिलेलं नाही. अहवालात ‘८० टक्के माद्या आढळल्या’ असं वाक्य आलं तर ते खोटं आहे. ‘नोंदवलेल्या तापमानावरून माद्या जास्त असाव्यात असा अंदाज’ इथपर्यंतच जा.

इथे एक मोह होतो, तो तुम्हालाही झाला असेल. लिंग खात्रीने ठरवायचं तर पिल्लाची जननग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते, आणि तुमच्याकडे ११ मेलेली पिल्लं आहेत. किंवा होती. परवान्यात मृत पिल्लांचे नमुने घेण्याची मुभा नसेल तर ती तुमची नाहीत. कलम ३९ प्रमाणे मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे, आणि अशी मालमत्ता कुणाच्या ताब्यात आली तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. वनरक्षकासमोर पंचनामा करून ती पुरली असतील तर उत्तम, पंचनाम्याची प्रत अहवालाला जोडा. ती लातूरला विभागाच्या फ्रीजमध्ये, बाटलीत, आईस्क्रीमच्या डब्याशेजारी असतील तर आजच वनक्षेत्रपालांना फोन करा आणि ते सांगतील तसं करा. ‘वाया जाण्यापेक्षा शास्त्राच्या कामी आली’ हे कारण मी पुष्कळदा ऐकलं आहे. कायद्यात त्याला जागा नाही.

ज्या नमुन्यांची परवानगी आहे त्यांचा वेगळा तक्ता करा: क्रमांक, तारीख, कशाचा नमुना, कशात ठेवला, आता कुठे आहे, संपला की शिल्लक आहे. कोकणातून लातूर-नांदेडकडे येणारा संशोधक बहुधा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येतो आणि थर्माकोलची पेटी डिकीत टाकतो. कलम ४८अ प्रमाणे वन्यप्राण्याची वस्तू वाहतुकीला घेणाऱ्याने परवानगी तपासून घ्यायची असते. ड्रायव्हर काही विचारत नाही म्हणून नियम नाही असं होत नाही. परवान्याची प्रत आणि नमुन्यांची यादी पेटीसोबत ठेवा, आणि कुठल्या तारखेला कुठून कुठे नेले ते अहवालात येऊ द्या. प्रयोगशाळा परदेशातली असेल तर गोष्ट फार मोठी होते. समुद्री कासवं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, आणि जैवविविधता कायदा २००२ चा प्रश्न वेगळाच. तसं करायचं असेल तर पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात सुरुवात करू नका.

महाविद्यालयाच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी घेतली असेल तर तिलाही हाच तक्ता द्या. समितीला एक आकडा आणि वन विभागाला दुसरा, असं झालेलं मी पाहिलंय, आणि दोन्हीकडे सही त्याच माणसाची होती.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की हा नुसता कारकुनी जाच आहे. थोडा आहेच. पण अशाच कारकुनी नोंदींतून काय निघतं ते सांगतो. ०३२३३ हा एका कासवाच्या पराला लावलेल्या धातूच्या पट्टीचा क्रमांक. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पथकाने २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ती मादी टॅग केली होती. जानेवारी २०२५ मध्ये ती गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी पश्चिम किनाऱ्यावरही अंडी घालते, हे त्या एका क्रमांकाने दाखवलं. आता विचार करा, ओडिशात कुणी तो क्रमांक लावला पण नोंद नीट पोचवली नसती, किंवा गुहागरात कुणी ‘पट्टी दिसली’ एवढंच लिहिलं असतं, तर? त्याच्या आधी, २०२२ च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राचं कांदळवन प्रतिष्ठान यांनी आपल्या किनाऱ्यावर पाच माद्यांना उपग्रह ट्रान्समीटर बसवले: प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री. पुढच्या वर्षी बागेश्री आणि गुहा. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. लोकांना नावं आठवतात, आणि ते बरंच आहे. पण संशोधकाच्या अहवालात त्या नावांबरोबर ट्रान्समीटरचं वजन, बसवायला लागलेला वेळ, मादी परत पाण्यात जाताना कशी होती आणि सिग्नल कधी थांबला, हे यावं लागतं. सिग्नल थांबला म्हणजे कासव मेलं असं नाही. बॅटरी संपते, यंत्र गळून पडतं. ‘संपर्क तुटला, कारण अज्ञात’ हे पूर्ण उत्तर आहे.

तुमच्या संशोधनाशी संबंध नसलेलं मेलेलं कासव किनाऱ्यावर दिसलं तर ते तुमच्या मृत्यूंच्या रकान्यात घालू नका. त्याची वेगळी नोंद, वन विभागाला तात्काळ खबर, आणि कापाकापी अजिबात नाही. वाहून आलेल्या मोठ्या सागरी प्राण्यांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी २०२१ मध्ये आली आहेत, ती वाचून ठेवा. एखाद्या मच्छीमाराने जाळं कापून जिवंत कासव सोडलेलं तुमच्यासमोर घडलं तर त्याला फोटो काढून द्या. राज्याच्या योजनेत फाटलेल्या जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते आणि पुराव्याला फोटो लागतो. वर्षभर तो माणूस तुम्हाला चहा पाजतोय.

आता जागेचा प्रश्न. घरट्यांचे अचूक अक्षांश-रेखांश वन विभागाला जाणाऱ्या बंद परिशिष्टात द्या. प्रबंधात, शोधनिबंधात, फेसबुकवर, कुठेही ते नकोत. फोटोच्या फाइलमध्येही जागा दडलेली असते. पाठवण्याआधी ती काढून टाका. अंडी चोरणारे आजही आहेत, आणि ज्यांना चोरायची नाहीत पण बघायचीच आहेत अशांची गर्दी घरट्याला चोरापेक्षा कमी जड जात नाही. लेखात तालुक्यापर्यंत सांगितलं तरी शास्त्राचं काही बिघडत नाही.

वार्ताहराला भेटा, टाळू नका. मराठवाड्यात बसून समुद्रावर काम करणाऱ्याला ‘तुमच्याकडे तर जायकवाडीचा नाथसागर, समुद्री कासवं कुठली?’ हा प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागतो. एखादी बातमी त्याचं उत्तर देत असेल तर देऊ द्या. पण अटी तुमच्या. परवान्यात प्रसिद्धीविषयी काही अट आहे का ते आधी पाहा. पिल्लू तळहातावर घेतलेला फोटो देऊ नका. तो फोटो पाहून पुढच्या रविवारी दहा जण किनाऱ्यावर पिल्लू तळहातावर घेतात, आणि त्यातल्या कुणाकडेही परवाना नसतो. फोटो द्यायचाच तर लॉगरचा द्या, वहीचा द्या, वाळूवरच्या मागाचा द्या. खाली ‘वन विभागाच्या लेखी परवानगीने’ हे शब्द छापून यावेत असा आग्रह धरा. मथळ्यावर आपला ताबा नसतो, ‘लातूरची लेक’ छापणारच. तुम्ही फक्त एवढं पाहा की कासवमित्राचं काम तुमच्या नावावर लागत नाही. तो हंगामभर, म्हणजे नोव्हेंबरपासून मे उजाडेपर्यंत, पहाटे किनारा चालतो. तुम्ही सुट्टी मिळेल तेव्हा जाता.

मेलेल्या ११ पिल्लांबद्दल वार्ताहराला सांगायचं का? आपण होऊन सांगायची गरज नाही, पण त्याने विचारलं की ‘काही अडचण आली का?’ तर ‘नाही’ म्हणू नका. वन विभागाला पत्र आधी गेलेलं हवं. अधिकाऱ्याने ती गोष्ट पेपरात वाचायची वेळ येऊ नये.

भाषा साधी ठेवा. ‘यशस्वीरीत्या’ हा शब्द तक्त्याच्या आसपास फिरकू देऊ नका. ‘काही’, ‘अनेक’, ‘नगण्य’ यांच्या जागी आकडा. मुख्य अहवाल इंग्रजीत असला तर दोन पानांचा मराठी सारांश जोडा, कारण मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नागपूरच्या कार्यालयापेक्षा तो वनक्षेत्रपाल, वनरक्षक आणि कासवमित्र जास्त वाचतील. आणि वहीत नसलेलं काही तुम्ही लिहिलं असेल तर तेच पहिल्यांदा पकडतील. पाठवण्याआधी सारांश त्यांना वाचायला द्या. त्यांनी दाखवलेली चूक दुरुस्त करा आणि न पटलेली असेल तर मतभेद म्हणून नोंदवा.

मुदत परवान्यात मार्चअखेर लिहिलेली असेल आणि तुमची शेवटची घरटी एप्रिल-मेमध्ये फुटणार असतील, तर मुदतीत अंतरिम अहवाल द्या आणि राहिलेल्या घरट्यांची यादी त्यात ठेवा. पूर्ण आकडे जूनमध्ये पुरवणी म्हणून. मुदत गेल्यावर संपूर्ण अहवाल देण्यापेक्षा हे कधीही बरं. परवान्यावर ज्या ज्या कार्यालयांना प्रत दिलेली दिसते, त्या प्रत्येकाला अहवालाची प्रत पाठवा. ईमेल केला तरी एक छापील प्रत आवक-जावक टेबलावर द्या, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या आणि ती पुढच्या वर्षीच्या अर्जाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. जाळीच्या घटनेचं पत्र मात्र या सगळ्याच्या आधी, याच आठवड्यात. त्यात पुढच्या हंगामात वायर कशी काढणार तेही कळवा: टोपलीच्या कडेला एक बारीक खाच पाडली की वायर निघते आणि सावलीही राहते.